दोन हिसके

सायमीच्या खिशात एक पितळी बोल्ट असायचा आणि त्यावर एक नट. अंगठ्याने नट वर न्यायचा, खाली आणायचा. शाळेपासून हेच. हात गुंतला की तिचं चित्त थाऱ्यावर. हात रिकामा की मन भलतीकडेच. गोठलेल्या तळ्याखाली पाणबुड्या उतरला की वर त्याचा दोर धरायला अख्ख्या बचाव पथकात तिच्यासारखं माणूस नव्हतं. डाव्या हातात दोर, उजव्यात बोल्ट, अकरा वर्षं.

नवा प्रमुख राइने याला ते बघवेना. "दोन्ही हात दोरावर. ही काय बालवाडी आहे?"

"त्यानंच लक्ष लागतं माझं."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खरं. आण इकडे."

तिने बोल्ट काढून दिला. आमच्याकडे प्रमुखाशी कोणी हुज्जत घालत नाही. घातली असती तर बरं झालं असतं, पण आता बोलून काय उपयोग.

तिचा धाकटा भाऊ ओस्मो बर्फात कापलेल्या भोकात पाय सोडून बसला होता. "आता काय, मलाच फिरवत बस," तो हसला आणि पाण्यात उतरला.

सराव नेहमीचाच. टाकीत पंचवीस मिनिटांची हवा, पंधराव्या मिनिटाला माघारी. चाळीस मीटरपलीकडे जुन्या धक्क्याचे खांब, तिकडे जायचं नाही. बोलणं फक्त दोरातून. दोन हिसके वरून आले तर 'पुढे जा', खालून आले तर 'दोर सोड'. तीन म्हणजे परत. आणि मिळालेला इशारा तसाच परत करायचा, म्हणजे तो कळला.

थंडी मरणाची होती. जाड हातमोज्यात सायमीची बोटं उगाच चुळबुळत होती. खालून दोन हिसके आले. तिने दोर सोडला. थोड्या वेळाने पुन्हा दोन. पुन्हा सोडला.

"ओस्मो फार दोर मागतोय," ती म्हणाली.

"मागतोय तर दे," राइने थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाला. "त्याला कळतंय."

पोरगा कधी हावरटपणा करणारा नव्हता. दोरावरची चाळिसाची लाल खूण हातातून सरकून गेली, तसे तिने तीन हिसके दिले. उत्तर नाही. पुन्हा तीन. दोर कुठेतरी अडकल्यासारखा ताठ. अठरा मिनिटं झाली होती.

"दुसरा पाणबुड्या सोडा!" ती ओरडली.

तयार बसलेला पाणबुड्या धाडकन पाण्यात गेला. राइने तिच्याजवळ आला आणि तिच्या हातांकडे बघत राहिला.

"सायमी, दोराला काय करतेयस?"

तिने खाली पाहिलं. अंगठा आणि बोट दोरावर नसलेला नट फिरवत होते. वर, खाली. प्रत्येक फेरीला दोर दोनदा थरथरत होता.

तो मागत नव्हता. ती पाठवत होती, आणि तो शहाण्यासारखा 'कळलं' म्हणत पुढे पुढे जात होता.

राइनेने खिशातून बोल्ट काढला. तिची मूठ उघडून त्याने तो तिच्या तळव्यावर ठेवला. एकविसावं मिनिट चालू होतं. तिने नट फिरवला नाही. दुसऱ्या हाताची बोटं मात्र अजून दोरावर हलत होती, दोनदा, पुन्हा दोनदा, आणि खालून आता कोणी ते परत करत नव्हतं.