बाराव्या पानावरचे दात

बालविभागातील पारितोषिकप्राप्त चित्रपुस्तकाच्या सातही प्रतींमध्ये, बाराव्या पानावरच्या कागदी दाराच्या कोपऱ्यावर दातांचे ठसे होते. दात मोठ्या माणसांचे होते.

ग्रंथालयाच्या बाइंडरबाईंनी ही दारे आजवर एक्केचाळीस वेळा बदलली होती. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर ‘कारण’ या रकान्यात त्या दर वेळी ‘अज्ञात’ असे लिहीत. ग्रंथपालांना मात्र कारण केव्हाच सापडले होते.

“दारं चिकटवायची तुमची खळ गोड आहे, बाई. पालक चाखतात.”

“का? घरी जेवायला मिळत नाही त्यांना?”

“ते मी कसं सांगू? महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही, तर बांधणीचं काम बाहेर देणार. मग तुमची इथे गरज नाही.”

बावीस वर्षांची नोकरी वाटीभर खळीपायी जाणार, हे बाईंच्या पचनी पडेना. त्यांनी प्रथम चमचाभर खळ स्वतः खाल्ली. ती बेचव होती. मग तीन प्रतींच्या दारांवर कडू औषधाची पूड मिसळलेली खळ लावली, चार प्रती तुलनेसाठी तशाच ठेवल्या. पंधरा दिवसांनी मोजणी केली, तर चावे दोन्हीकडे सारखेच. अभिप्रायाच्या वहीत फक्त एक नवी नोंद होती: ‘पुस्तक सुंदर. दार कडू.’

वाचकांना विचारावे, तर जो तो कानकोंडा होऊन बुटांकडे पाही. “छे हो, आमच्याकडे असलं काही नाही,” म्हणे आणि काढता पाय घेई.

बाईंनी ठसे पट्टीने मोजले. चार प्रतींवर एकाच माणसाचे दात होते, पुढच्या दोन दातांमध्ये चांगली फट असलेले. अशी फट कोणाची, ते आठवेना. ग्रंथपाल तर कधी हसतही नसत.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी ग्रंथपालांची चार वर्षांची नात आली. “आजोबा, अस्वलाचं पुस्तक!”

ग्रंथपालांनी इकडेतिकडे पाहिले. कपाटाआडच्या बाई त्यांना दिसल्या नाहीत. बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी नातीला मांडीवर घेतले, बारावे पान काढले, दार उघडले, त्याचा कोपरा दातांत धरला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागले.

“साहेब!” बाई पुढे झाल्या.

“उं,” ग्रंथपाल म्हणाले.

“सोडा आधी ते!”

“सोडू नका, आजोबा!” नात किंचाळली. “अस्वल झोपेल!”

बाई पुस्तकावर वाकल्या आणि समोरच्या पानावरचा मजकूर आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाचला. काम शिकतानाच त्यांना बजावले होते, की वाचत बसलं तर खळ वाळते. तो नियम त्यांनी कधीच मोडला नव्हता.

शेवटी दार सुटले. ग्रंथपालांनी रुमालाने तोंड पुसले.

“काम बाहेर नाही द्यायचं,” ते पुटपुटले. “आणि बाई, ती कडू पूड तेवढी बंद करा.”

बेचाळिसाव्या चिठ्ठीवर बाईंनी लिहिले: ‘कारण: तेराव्या पानावर सूचना आहे, “दार मिटू देऊ नका आणि सगळ्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवा, नाहीतर अस्वल पुन्हा झोपेल.” सोडले की दार आपोआप मिटते. वाचणाऱ्याला हात दोनच असतात.’