फाटकापर्यंत

घड्याळजींनी पान्याला हलका हिसका दिला, तसा पितळी नट सैल झाला. बोटांनी फिरवून त्यांनी तो काढला आणि शेजारच्या स्टुलावर पसरलेल्या पांढऱ्या कापडावर सातच्या जागी ठेवला.

सातच्या म्हणजे घड्याळातल्या सातच्या. चाळीस वर्षं दुकानात बसून त्यांनी हीच रीत पाळली होती. सुटा केलेला पहिला भाग बाराच्या जागी, दुसरा एकच्या, असं गोल फिरत जायचं आणि जोडताना उलटं फिरत यायचं. मग कुठला स्क्रू कुठे ठेवला हे शोधत बसावं लागत नाही, हात आपसूक तिथे जातो. अलीकडे तर या रीतीवाचून त्यांचं पानही हलत नव्हतं, पण हे ते कुणाला सांगत नसत.

"झालं का?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारलं.

"होत आलंय."

"तीन आठवडे झाले, होतच आलंय."

"वस्तादाने आठ महिने घेतले. तेव्हा नाही त्याला विचारलंस."

भांड्यांचा आवाज तेवढा वाढला.

गाडी त्यांच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. गर्द हिरवा रंग, वाटोळे दिवे, आणि आत बायकोने स्वतः मापं घेऊन शिवलेली तपकिरी चामड्याची सीट. बायको लोकांचे कपडे शिवायची, पण त्या सीटइतकं मन लावून तिने दुसरं काही शिवलं नसेल. मुलगी लग्न होऊन लांब गेली, दुकान बंद झालं, पण दर रविवारी दोघं या गाडीतून गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन येत. मग गेल्या वर्षी गाडीला ते विचित्र दुखणं जडलं.

दुखणं असं की गाडी सुरू व्हायची. एका झटक्यात सुरू व्हायची आणि जागच्या जागी तासभर गुणगुणत राहायची. पण गिअर टाकून निघालं की अंगण ओलांडून फाटकाशी पोचेपर्यंत आचके द्यायची आणि मरायची. नेमकी फाटकाशी. मग दोघांनी मिळून तिला मागे ढकलत आणायचं.

वस्ताद म्हणजे गावातला सगळ्यात जुना मेकॅनिक. इंजिनाला नुसता कान लावून दुखणं ओळखणारा अशी त्याची ख्याती, आणि घड्याळजींची गाडी पंचवीस वर्षं त्याच्याच हाताखाली होती. त्याने आठ महिन्यांत तीनदा गाडी नेली. पंप बदलला, वायरी बदलल्या, आणि तिसऱ्यांदा परत आणून सोडताना म्हणाला, "घड्याळजी, मला नाही जमत. आता हिला अशीच राहू द्या."

घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याचं गॅरेज गाठलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नको नको ते ऐकवलं. "पाना खाली ठेव आणि सायकलींना हवा भरत बस," इथपर्यंत गेले. एका बोल्टवरून दिवसभर हुज्जत घालणारा तो माणूस, पण त्या दिवशी फडक्याला हात पुसत नुसता उभा राहिला. "खरंय तुमचं," एवढंच म्हणाला. घरी येताना घड्याळजींना तेच जास्त लागलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून त्यांनी स्वतःच हात घातला होता. घड्याळजीच ते, त्यांनी आधी वेळ तपासली. ठिणगी वेळेवर पडते की नाही, प्लगमधलं अंतर बरोबर आहे की नाही, हे पाहण्यात तीन आठवडे गेले. सगळं चोख निघालं. वस्तादाने केलेलं कामही चोख होतं, आणि कुठेतरी पाणी मुरतंय अशी शंका त्यांना तिथेच यायला हवी होती. पण ते इरेला पेटले होते. ही गाडी फाटकाबाहेर पडली पाहिजे. ती पडली तर आपण अजून कामाचे, नाहीतर खुर्चीत बसवून ठेवायचे म्हातारे, असा त्यांनी मनाशी हिशेब मांडून टाकला होता.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपासून त्यांच्या नजरेच्या बरोबर मध्यावर एक राखाडी डाग येऊन बसला होता. ज्याच्याकडे पाहावं तेच दिसेनासं व्हायचं, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आता बरं व्हायचं नाही, वाढेल मात्र. ते घरी येऊन "चष्म्याचा नंबर वाढलाय" म्हणाले. दुकान बंद केलं तेव्हा "हल्ली कुणाच्या मनगटावर घड्याळ असतं?" म्हणाले. लोकांना पटलं. बायकोलाही पटलं असावं, असं ते धरून चालले होते.

आता राहिली होती ती पेट्रोलची नळी. पंपाकडून येऊन ती कार्बुरेटरला मिळते तिथला नट त्यांनी आत्ताच काढला होता. त्यांनी भोकात करंगळी घातली. तांब्याची चकती लागली. ती नखाने उचलून त्यांनी आठच्या जागी ठेवली. पुन्हा बोट घातलं, तर तिथे आणखी काहीतरी होतं. मऊ, ओलं. चिमट्याने त्यांनी ते अलगद बाहेर ओढलं.

डोळ्यांसमोर धरून उपयोग नव्हता. त्यांनी ते अंगठा आणि तर्जनीमध्ये धरलं. चामड्याचा नाण्याएवढा तुकडा, एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरबरीत. मध्ये सुईने पाडलेलं एकच छिद्र, गाडी जागच्या जागी गुणगुणण्यापुरतंच पेट्रोल जाईल एवढं. आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं तेव्हा ते मध्येच थांबलं.

कड दातेरी होती.

कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून शिवणकाम करणारे जी नागमोडी दातांची कातर वापरतात, ती कड. चामड्याचे धागे सुटत नाहीत. चामडं कापायला ती कातर कुणी मेकॅनिक घेणार नाही, त्याच्याकडे ती असणारही नाही. पण जिने जन्मभर तीच कातर हातात धरली, तिला तेवढं सुचलं नसावं.

घड्याळजी स्टुलाला धरून उभे राहिले. आधी संताप आला, असा की सरळ खिडकीशी जाऊन तो तुकडा तिच्यासमोर आपटावा. पंचवीस वर्षांपासूनचा मित्र आणि चाळीस वर्षं संसार केलेली बायको, दोघांनी मिळून त्यांना खुळ्यात काढलं होतं.

मग ती संध्याकाळ आठवली. तळ्यावरून परतताना एक किंकाळी ऐकू आली होती. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडीच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर, एक बाई रस्त्यात बसली होती, तिची छत्री चाकाखाली गेली होती. दिवसाउजेडी, सरळ रस्त्यावर ती त्यांना दिसलीच नव्हती. "मध्येच धावत आली," असं ते बायकोला म्हणाले. बायकोने खाली उतरून त्या बाईला हात देऊन उठवलं, आणि परत येऊन बसल्यावर पर्स घरापर्यंत छातीशी धरून ठेवली.

त्याच आठवड्यात वस्ताद तेल बदलायला घरी येऊन गेला होता, आणि त्यानंतर गाडी पहिल्यांदा फाटकाशी मेली होती.

त्यांनी तुकडा खिशात टाकला. आठ, सात, सहा, असे उलटे फिरत त्यांनी सगळे भाग जागच्या जागी बसवले. एकही स्क्रू पडला नाही. मग आत बसून किल्ली फिरवली आणि पाय दाबला. इंजिनाचा आवाज असा भरून आला की घरामागच्या झाडावरचे पक्षी उडाले. वर्षभरात तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

खिडकीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. थोड्या वेळाने बायको बाहेर आली. तिने साडी बदलली नव्हती, पण हातात पर्स होती.

"झाली का हो?"

"झाली."

ती क्षणभर उभी राहिली. अडवेल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं. तिने पलीकडचं दार उघडलं आणि शेजारी येऊन बसली.

"कुठे निघालीस?"

"तुम्ही जाल तिथे."

गाडी अंगणातून पुढे सरकली. फाटकाशी आली. मेली नाही, आचकाही दिला नाही. घड्याळजींनी तिथे ब्रेक लावला, कारण पुढे रस्ता होता. त्यांनी समोर पाहिलं. समोर राखाडी डाग होता आणि त्याच्या कडेने थोडं आकाश, थोडी भिंत. रस्त्यावर कुणी असेल, नसेलही.

बायकोकडे पाहायचं तर तिच्यावरून नजर जरा बाजूला न्यावी लागे. त्यांनी पलीकडच्या काचेकडे पाहिलं तेव्हा ती दिसली. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. पर्स छातीशी धरली होती. आणि तिचा उजवा पाय जमिनीवर असा दाबलेला होता की चपलेचा पट्टा ताणला गेला होता. तिच्या बाजूला ब्रेक नव्हता.

घड्याळजींनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"एक राहिलंय बसवायचं."

पाना घेऊन ते उतरले. बॉनेट उघडलं. तो नट आता त्यांच्या बोटांना पाठ झाला होता. खिशातला तुकडा जागेवर बसवण्याआधी त्यांनी त्या छिद्रावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. वस्तादाने एकट्याने केलं असतं तर नळी पार बंदच करून टाकली असती, गाडी कधी सुरूच झाली नसती. ते रोज सकाळी चहाच्या आधी गाडी सुरू करून तिचा आवाज ऐकत बसतात, हे वस्तादाला कुठे माहीत होतं? जिला ते माहीत होतं, तिने सुई घेऊन छिद्र पाडलं होतं. घड्याळजी बॉनेटच्या आड जरा जास्त वेळ वाकून राहिले.

मग येऊन बसले. गाडी सुरू झाली, छान गुणगुणली. त्यांनी पाय दाबला तसा आवाज चढला, मग ती अडखळली, दोन आचके दिले आणि फाटकातच उभी राहिली.

"मेली," ते म्हणाले.

तिने डोळे उघडले. त्यांच्या हाताला ताज्या पेट्रोलचा वास येत होता. ती त्या हातांकडे बघत राहिली.

"वस्तादाला उगीच बोललो मी," ते म्हणाले. "उद्या चहाला बोलाव त्याला."

"बोलावते."

"आणि चामडं कापायला ती दातेरी कातर घेत जाऊ नकोस. धार जाते तिची."

तिने पर्स मांडीवर ठेवली, उघडली, उगीचच बंद केली.

"सवय," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

रस्त्याने कुणीतरी गेलं. सायकल असावी, साखळीचा आवाज आला. आतापर्यंत अशा वेळी ते अंदाजाने हात उंचावून नमस्कार करत आणि ओळखल्यासारखं हसत. आज त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला.

"कोण गेलं गं?"

"पोस्टमन," ती म्हणाली. "आपल्याकडे बघून हसला. आता समोरून शाळेतल्या दोन मुली येतायत. एकीने लाल रिबन बांधलीय."

"आणि?"

ती सांगत राहिली. गाडी मागे ढकलायची घाई कुणालाच नव्हती.