पेटीची जागा

सासूबाईंना दिसत नाही हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी घर अगदी लख्ख होतं. इतकं मोकळं घर ड्रायव्हरने लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. दाराशी उभं राहिलं की नजर थेट मागच्या खिडकीपर्यंत जायची, मधे अडायला काही नाही.

ड्रायव्हरने आयुष्यभर ट्रक चालवला, म्हणून सगळी गल्ली त्याला ड्रायव्हरच म्हणायची. बायको तेवढी 'अहो' म्हणायची. ती जाऊन दीड महिना झाला होता. घरात आता तो आणि त्याची सासू, एवढेच. दोघांचं एकमेकांशी बोलणं पहिल्यापासून बेताचं. "जेवलात?" "जेवले." "पंखा लावू?" "लावा." बाकीचं सगळं बोलायला मधे बायको होती.

घर आवरायला मुलगी आली होती, नोकरीतून रजा काढून. बायकोचा स्वभाव साठवण्याचा. रिकामा डबा, तुटलेलं स्टूल, वर्षानुवर्षांची रद्दी, काही म्हणजे काही टाकलं नव्हतं तिने. मुलीने पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली आणि तीन ढीग केले. ठेवायचं, द्यायचं आणि टाकायचं.

"आणि मला गं कुठल्या ढिगात घालतेस?" आजीने पलंगावरून विचारलं.

"तुला कपाटात ठेवते आजी. डांबरगोळ्या घालून."

"घाल बाई. निदान झुरळं तरी लागायची नाहीत."

सगळे हसले. दीड महिन्यात त्या घरात पहिल्यांदाच कोणी हसलं होतं, म्हणून ड्रायव्हरच्या जिभेवर आलेलं तसंच राहिलं. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत बायको त्याला म्हणाली होती, "मशीन हलवू नका. पेटी हलवू नका." तो 'बरं' म्हणाला होता. तापात माणूस काहीही बोलतं, असं तेव्हा त्याला वाटलं. आता मुलगी एवढी राबतेय, तिला कशाला अडवा, असं वाटलं.

शिलाई मशीन गल्लीतल्या शिंपिणीला गेली. पत्र्याची पेटी, रद्दीचा गठ्ठा आणि स्टूल भंगारवाल्याने हातगाडीवर घातलं. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत गेली. जाताना दारात उभं राहून तिने घराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "बघा बाबा, श्वास घेता येतो की नाही आता?"

त्या दिवशी सासूबाई पलंगावरून उठल्याच नाहीत. "पाय आखडलेत," म्हणाल्या. चहा नको म्हणाल्या, पाणीही नको म्हणाल्या. ड्रायव्हरला वाटलं, लेकीचं दुःख आज उफाळून आलं असेल. तो भाजी आणायला गेला.

परत आला तर सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या. उजवा हात पुढे केलेला. जिथे मशीन होती तिथे तो हात हवेत खाली आला, काही लागलं नाही, पुन्हा वर गेला. मग त्या वळल्या, मोरीकडे जायचं तर भलतीकडेच, आणि कपाटाच्या कडेवर त्यांचं कपाळ आपटलं.

"आई!"

त्या थिजल्या. ड्रायव्हर अगदी समोर होता, हात लांब केला असता तर लागला असता. सासूबाईंची नजर त्याच्या कानाजवळून कुठेतरी पलीकडे गेली.

"कोण, जावईबापू?"

त्याने पिशवी खाली ठेवली, त्यांना दंडाला धरून मोरीपर्यंत नेलं आणि पाठ करून उभा राहिला. तेव्हा त्याला कळलं की चहा-पाणी का नको होतं.

पलंगावर परत बसल्यावर त्याने विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. आधी धूसर, मग काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, आतली शीर सुकली, आता उपाय नाही."

"आणि मी इथेच राहतो ना? मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. आमची लेकच म्हणायची तसं."

बायकोचा आवाज त्याला जसाच्या तसा ऐकू आला.

मग सासूबाईंनी सगळं सांगितलं. पलंगावरून उठलं की उजव्या हाताला मशीन. मशीन संपली की चार पावलांवर गुडघ्याला रद्दीचा गठ्ठा लागतो. तिथे वळायचं. मग स्टूल, स्टुलाच्या पुढे स्वयंपाकघराचं दार. आणि त्या दारात न शिरता सरळ गेलं की शेवटी पेटी, पेटीच्या कोपऱ्याशी मोरीची पायरी. ती पायरी खाली उतरते, म्हणून पेटी सगळ्यात महत्त्वाची. लेकीने एकेक वस्तू जागेवर ठेवून त्यांना महिनाभर चालवलं होतं, ड्रायव्हर बाहेर चहाच्या टपरीवर बसलेला असायचा तेव्हा. काल नातीला अडवलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं, म्हणून त्या गप्प राहिल्या आणि रात्री तिच्याच खांद्याला धरून निभावलं.

ड्रायव्हर ऐकत राहिला. त्याला हे समजायला वेळ लागला नाही. अंधारात गाडी हाकायची तर तोही असाच जायचा. पडकी कमान आली की वेग कमी, पांढरी भिंत आली की डावीकडे. ज्याला लोक पसारा म्हणत होते, तो म्हातारीचा रस्ता होता. आणि त्या रस्त्यावरचे सगळे मैलाचे दगड त्याने हातगाडीत घालून पाठवले होते, वर हातगाडीला मागून धक्काही दिला होता.

"रविवारी तो येणार आहे," सासूबाई म्हणाल्या.

तो म्हणजे त्यांचा मुलगा, ड्रायव्हरचा मेहुणा. बहीण गेली त्याच आठवड्यात तो सरळ बोलला होता: "भाऊजी, ताई होती तोवर ठीक होतं. आता आई हिंडती-फिरती आहे, धड दिसतंय, तोवर राहू दे तुमच्याकडे. एकदा का काही झालं, की मी वृद्धाश्रमात नेणार. नाव घालून ठेवलंय. तिथे नर्स असते, गोळ्या वेळेवर देतात." माणूस वाईट नव्हता. त्याची बायको नोकरीला, घर तीन जिने चढून. पण सासूबाई म्हणायच्या, अनोळखी घरात आंधळं माणूस म्हणजे खुर्चीवर ठेवलेलं गाठोडं.

आज बुधवार होता. ड्रायव्हरने चपला घातल्या.

"कुठे चाललात?"

"मशीन आणायला."

सासूबाई गेल्या तर काय, हा विचार त्याने मनात पुरता होऊ दिला नाही. रोज सकाळी पलंगावरून हाक यायची, "झाला का चहा?" त्या हाकेसाठी तो उठत होता. बाकी उठायला काही कारण उरलं नव्हतं.

शिंपीण मशीनवरच बसली होती. नवा पट्टा घातला होता, तेलपाणी केलं होतं, मशीन कशी पाण्यासारखी चालत होती.

"वहिनी, मशीन परत पाहिजे."

तिने पाय थांबवला. "काय ड्रायव्हरकाका, दिलेलं दान परत? लहान पोरंसुद्धा कट्टी झाल्यावरच गोट्या परत मागतात, आपली तर भांडणंही झाली नाहीत."

"अडचण आहे."

"कसली अडचण? तुम्ही काय शिवणार आहात? हिच्यावर मी कामं घेतलीत, शनिवारी द्यायचीत."

खरं सांगावं की नको, हे त्याला कळेना. तोंडात तीळ भिजवायची ही पहिलीच वेळ. "मला शिवायचं नाहीये," तो म्हणाला. "मला ती तिथे नुसती... उभी पाहिजे."

शिंपिणीने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, बायकोच्या आठवणीने माणूस कासावीस झालाय. तिचा चेहरा उतरला. मग उठून तिने मशीनचे स्क्रू सैल केले.

"हे वरचं डोकं मला लागतं. माझ्या जुन्या मशीनचं डोकं गेलंय, पाय चांगले आहेत. तुम्ही हे पाय न्या आणि वर आच्छादन घाला, कुणाला कळणारसुद्धा नाही. चालेल?"

"पळेल," ड्रायव्हर म्हणाला.

भंगारवाल्याकडे स्टूल तसंच पडलं होतं, तीन पायांवर. रद्दी मात्र गेली होती. ड्रायव्हरने दुसराच गठ्ठा मागितला, गुडघ्याएवढा. भंगारवाला आ वासून बघत राहिला. "इतकी वर्षं दुकान चालवतोय, रद्दी विकत नेणारं गिऱ्हाईक तुम्हीच पहिलं. वाचणार का सगळी?"

"आणि पेटी?"

"ती निळी? ती कालच गेली हो. एक जण टेम्पो घेऊन आला, सगळा पत्रा घेऊन गेला."

"कोण? कुठला?"

"नाव कोण विचारतो भंगारात? परत येईल कधीतरी."

"कधी?"

"येईल तेव्हा."

ड्रायव्हरने आणखी दोन भंगाराची दुकानं पालथी घातली, एका गोदामात पत्र्याच्या ढिगावर चढून पाहिलं, हाताला कापलं. पेटी नाही. बाजारात नव्या पेट्या होत्या, पण कमरेइतक्या उंच किंवा नुसत्या बॅगेएवढ्या. शेवटी एक लाकडी खोकं उचलून आणलं.

शुक्रवारभर मांडामांड चालली. तो वस्तू सरकवायचा आणि सासूबाई पलंगावरून उठून चालून बघायच्या.

"अजून एक वीत अलीकडे. अजून. येऊ द्या, येऊ द्या... बस!"

"जन्मभर क्लीनरचं ऐकून गाडी मागे घेतली," तो घाम पुसत म्हणाला, "आता सासूचं ऐकतोय."

"क्लीनर बदलला असता तर गाडी कमी ठोकली असतीत."

मशीन जमली. गठ्ठा जमला. स्टुलाच्या तुटक्या पायाखाली विटेचा तुकडा दिला. खोक्याशी मात्र सासूबाई दर वेळी अडायच्या. पेटीचा पत्रा हाताला गार लागायचा आणि झाकणाचा कोपरा चेपलेला होता, तो चेप बोटाला लागला की पायरी समोर. खोक्याला तसला कोपरा नव्हता. दोनदा त्या पायरीच्या अलीकडेच पाय खाली टाकायला गेल्या, एकदा पलीकडे. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरने धरलं नसतं तर मोरीत आडव्या झाल्या असत्या.

"राहू द्या," त्या धापा टाकत म्हणाल्या. "रविवारी मी उठतच नाही."

"तो दिवसभर बसणार आहे. तुम्ही उठला नाहीत तर तेच पहिलं विचारेल."

शनिवारी रात्री तो नीट झोपला नाही.

रविवारी मेहुणा बायकोला घेऊन आला. आत येताच त्याचा पाय गठ्ठ्याला अडखळला. "भाची म्हणाली घर आवरलं! हे तर होतं तसंच आहे की. ताई गेली, पण पसाऱ्याला वारस ठेवून गेली."

"आवरलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "करमेना."

मेहुण्याच्या बायकोने फळांची पिशवी सासूपुढे धरली. ती तशीच हवेत राहिली. ड्रायव्हर झटकन पुढे झाला, "आणा इकडे, त्यांच्या हाताला औषध लावलंय." मग मेहुण्याने फोन काढून आईच्या तोंडापुढे धरला. "बघ, नातू केवढा झालाय."

ड्रायव्हर फळांची पिशवी हातात धरून तिथेच उभा राहिला.

सासूबाईंनी फोनकडे तोंड केलं. थोडा वेळ घेतला. "बापाच्या वळणावर गेलाय," म्हणाल्या. "नाकाचा शेंडा बघ की."

"सगळे तर आईवर गेलाय म्हणतात!" मेहुण्याची बायको हसली.

"सगळ्यांना दिसतंय कुठे?" सासूबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. ड्रायव्हरही हसला.

चहा झाला. सासूबाईंनी कप पूर्ण संपवला. ड्रायव्हरला तो घोट न घोट मोजावासा वाटत होता. नको होतं तेच अर्ध्या तासाने झालं. त्या पलंगावरून पाय खाली सोडून म्हणाल्या, "आले हं."

"मी धरू का आई?" सून उठली.

"मी काय पांगळी आहे?"

मशीन. हात आच्छादनावरून सहज फिरला. गठ्ठा. गुडघा टेकला, वळल्या. मेहुणा बोलता बोलता आईकडेच बघत होता. ड्रायव्हर उठला. पाणी प्यायला जातोय असं दाखवत तो त्यांच्या आधी मोरीच्या तोंडाशी पोचला, पायाने खोकं बाजूला सारलं आणि पेटी असायची नेमक्या त्या जागी भिंतीला टेकून उभा राहिला. मूठ वळून हात पेटीच्या झाकणाइतका खाली धरला, बोटांची हाडं बाहेर काढून. आणि खाकरला.

सासूबाईंचा हात खाली आला आणि त्याच्या मुठीवर टेकला. बोटं हाडांवरून फिरली, क्षणभर थांबली. मग त्यांनी पाय उचलला आणि बरोबर पायरीवर ठेवला.

"भाऊजी, तिथे काय उभे?" मेहुण्याने विचारलं.

"कमरेत लचक भरलीये," ड्रायव्हर म्हणाला. "टेकून बरं वाटतं."

परत येतानाही तो तिथेच होता. हात मुठीवर टेकला, आणि या वेळी जरासा दाबला.

संध्याकाळी मेहुणा निघाला. जिन्यात ड्रायव्हरला म्हणाला, "आई चांगली आहे. तुम्हीच वाळलात. पुढच्या महिन्यात येतो मी."

तेव्हापासून पलंग करकरला की ड्रायव्हर उठतो आणि मोरीच्या तोंडाशी जाऊन हात खाली धरून उभा राहतो. दिवसातून किती वेळा, ते त्याने मोजलेलं नाही. टपरीवर जाणं सुटलं. भाजीला गेला तरी अर्ध्या वाटेतून घाईने परत येतो, जिना चढताना कान घराकडे लावतो. आत धडपडल्याचा आवाज आला नाही की मग किल्ली काढतो. आठवड्यातून एकदा भंगारवाल्याकडे जाऊन येतो. टेम्पोवाला अजून फिरकलेला नाही. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, घर तसंच ठेवलंय ना, मोकळं?" तो म्हणतो, "हो गं."

मुलीला अजून सांगितलेलं नाही. मेहुणा पुढच्या महिन्यात येणार आहे. पेटी अजून मिळालेली नाही.