देवांचं वजन

मामंजी हट्टाला पेटले की आमच्या घरात कुणाची डाळ शिजत नाही. त्या दिवशी मात्र मला भांडायलाही सवड नव्हती. माझा नवरा सुश्रुत अपघातानंतर दिल्लीच्या इस्पितळात बेशुद्ध पडला होता. संध्याकाळच्या आत या, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. रोजचं विमान निघून गेलं होतं. शेवटी मामंजी ज्यांच्याकडे पूजा सांगतात, त्या एका श्रीमंत यजमानांनी आपलं छोटं विमान दिलं, आणि आम्ही दोघं गंगेकाठच्या शिंदे घाटावरल्या घरातून धावतपळत विमानतळावर पोचलो.

मे महिन्यातली दुपार होती. वैमानिक तरुण, पण शिस्तीचा. तापलेली हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, म्हणून त्याने आम्हाला आणि सामानाला काट्यावर चढवलं. शेपटीकडे तर जास्तीचं ओझं अजिबात नको, असं बजावलं. नाक वर उचललं जातं आणि मग विमान सावरता येत नाही. मी शाळेत फिजिक्स शिकवते, मला हे पटवून द्यायची गरज नव्हती. माझी कपड्यांची बॅग मी तिथेच सोडली आणि आम्ही आत बसलो.

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं, तेव्हा मागे पितळेचा खणखणाट झाला. हा आवाज मी रोज सकाळी ऐकते. आमच्या देवांची पेटी. दगडी सिंहासन, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मूर्ती, गंगेचे गडू. दोघांनाही ती धड उचलत नाही.

"मामंजी, पेटी काट्यावर ठेवली होती?"

त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "देवांना कुणी तराजूत घालतं का?"

नंतर कळलं, हमालाला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की यात भगवान आहेत. त्या भल्या माणसाने चपला काढल्या, जोडीदाराला हाक मारली आणि वैमानिक इंजिन बघत होता तेवढ्यात पेटी शेपटीत नेऊन ठेवली.

माझं डोकंच फिरलं. पण लेकासाठी देव घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला परक्यासमोर कसं उघडं पाडायचं? तेवढ्यात विमान सुटलं. वेग वाढला. नाक आधीच डुलायला लागलं होतं. मी पट्टा काढला आणि वैमानिकाचा खांदा धरला.

"रोकिए. पीछे वज़न है, तौला नहीं गया."

धावपट्टी संपता संपता आम्ही थांबलो. वैमानिकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो मला म्हणाला, पेटी उतरेल नाहीतर एक माणूस उतरेल. या उन्हात दोन्ही जमणार नाही.

जीपमधून तोच हमाल आला. पेटी खाली निघाली आणि तिच्यामागे मामंजीही उतरले. मुंज झाल्यापासून त्यांनी देवांना एक दिवस एकटं ठेवलं नव्हतं. आता हे इथेच बसणार, असं वाटून मला संतापाने रडू आलं.

त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली सोडली आणि हमालाच्या पुढे धरली. तो मागे सरला.

"महाराज, हम नहाए नहीं हैं."

"नहा लेना," किल्ली त्याच्या हातावर ठेवत मामंजी म्हणाले. "शाम को थोड़ा दूध दिखा देना. भूखे न रहें."

मग ते माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचा हात किल्लीविना जानव्यावरच होता, पट्टा तसाच लोंबत होता. मी लावला.