आतला पुठ्ठा

बायको जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि गुरुवारी दुपारच्या टपालाने तिच्या अक्षरातलं पाचवं पाकीट आलं. दारातल्या पेटीची झडप वाजली तेव्हा भिंगकाका नुकतेच जेवून उठले होते. त्यांनी हात कोरडे केले, पाकीट कडांना धरून उचललं आणि खिडकीपाशी नेलं. तेच अक्षर. नावावरची रेघ शेवटी जराशी खाली झुकलेली, पत्त्यातल्या आकड्यांवर नको इतका जोर. उजव्या कोपऱ्यात नवं कोरं तिकीट, कुठल्याशा पाणपक्ष्याचं, आणि त्यावर गोल, ठसठशीत, कुठेही न फिसकटलेला शिक्का. शिक्क्यावर कालची तारीख होती.

माणूस भुताखेतांच्या नादी लागणारा नव्हे. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेली. दुसऱ्याच्या लिहिण्यात राहून गेलेला अनुस्वार हुडकून काढायचा आणि त्या लेखकाला चारचौघांत लाजवायचं, यातच त्यांचा जन्म गेला. घरी आल्यावरही डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा, म्हणून ओळखीपाळखीत त्यांचं नाव जे भिंगकाका पडलं ते पडलंच. पण ते पाकीट हातात आलं आणि त्यांनी शिक्क्यावरची तारीख पुन्हा एकदा भिंगाखाली वाचली. मग ते खुर्चीत बसले.

पाकीट त्यांनी उघडलं मात्र नाही. तिकिटं जमवणाऱ्यांची ही रीत आहे. नवं तिकीट निघालं की त्याच दिवशी ते पाकिटावर लावायचं, आपलाच पत्ता घालून पोस्टात टाकायचं, आणि पहिल्या दिवसाचा शिक्का घेऊन पाकीट परत आलं की आहे तसं, बंदच्या बंद, वहीत ठेवायचं. उघडलं की त्याची किंमत गेली. पाकीट रिकामंच असतं, पण आत एक पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, म्हणजे शिक्का मऊ कागदावर घसरत नाही, नीट बसतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी भिंगकाकांनी बायकोला हे शिकवलं होतं. कुणी नवरा बायकोला सायकल शिकवतो, कुणी पोहायला नेतो. यांनी पुठ्ठा कापायला शिकवलं. पोस्टाची खिडकी उघडी असायची तेव्हा हे छापखान्यात, त्यामुळे चौतीस वर्षं पाकिटं टाकायचं काम तिनेच केलं. एकही नवं तिकीट चुकवलं नाही. ह्यांना त्याचा फार अभिमान होता, म्हणजे तिकिटांचा.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी पहिलं पाकीट आलं, तेव्हा त्यांना वाटलं, मागे टाकलेलं कुठेतरी अडकून पडलं असेल. पण तिकीट त्याच आठवड्यात निघालेलं होतं. ते तिकीट तिने डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. भिंगकाका घरात हळू आवाजात वावरायला लागले, आत कुणी झोपलं असावं तसे. स्वयंपाकघराचं दार ते पूर्ण लावत नसत आणि सताड उघडंही ठेवत नसत. तिची खुर्ची भिंतीपासून एक हात पुढे ओढलेली असायची, आणि ती आपण ओढली की नाही हे त्यांना नक्की आठवत नसे. त्यांना भीती वाटत होती. पण पाकीट यायला उशीर झाला की त्याहून जास्त भीती वाटायची.

पोस्टात जाऊन विचारायला किती वेळ लागतो? नाक्यावर पोस्ट. पण विचारलं आणि पाकिटं यायची थांबली तर? म्हणून वर्षभर हे गृहस्थ त्या रस्त्याने गेलेच नाहीत. भाजीलासुद्धा वळसा घालून जात.

आणि नेमकं आता लेक हात धुऊन मागे लागली होती. शनिवारी ती खोकी घेऊन येणार होती. "बाबा, एकटे किती दिवस राहणार तुम्ही? माझ्याकडे एक खोली तशीच पडून आहे," ती फोनवर म्हणाली. "आणि त्या वह्यांचं काय ते ठरवून टाका. पत्रंच लिहीत नाही कुणी, तिकिटं कोण जमवणार?"

"नवी तिकिटं निघतात अजून," काका म्हणाले.

"निघू देत की. त्यासाठी घर अडवून बसायचं?"

घर सोडलं तर तुझ्या आईची पाकिटं कोणत्या दारात येणार, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लेक काय समजेल या धास्तीने त्यांनी "बघू" म्हणून फोन ठेवला.

शुक्रवारी तिकीट मंडळाची बैठक होती. मंडळ म्हणजे एकेकाळी चाळीस माणसं, आता दोन: भिंगकाका आणि एक निवृत्त दातांचे डॉक्टर. बैठक डॉक्टरांच्या बंद पडलेल्या दवाखान्यात भरायची. अध्यक्ष डॉक्टर मागे कलणाऱ्या खुर्चीवर, चिटणीस भिंगकाका स्टुलावर. जन्मभर माणसांचे दात मोजले आणि आता तिकिटांच्या कडेचे दाते मोजतो, हा विनोद डॉक्टर दर बैठकीत करायचे. आज त्यांनी तो केला नाही.

"मंडळ बंद करू या," ते म्हणाले. "माझ्या नातवाला मी एक अख्खी वही दिली होती. त्याने विचारलं, आजोबा, हे चिकटवून काय होतं? मला उत्तर देता येईना रे. काय होतं चिकटवून?"

भिंगकाकांनी पिशवीतून पाचवं पाकीट काढलं आणि डॉक्टरांच्या मांडीवर ठेवलं. डॉक्टरांनी आधी तिकीट पाहिलं, कारण सवय. मग अक्षर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वहिनींचं अक्षर त्यांनी ओळखलं.

"किती आली अशी?"

"पाच."

डॉक्टरांनी नखाने शिक्क्यावर टकटक केलं. "हे बघ, भुताला शिक्का मारता येत नाही. हा तुझ्या नाक्यावरच्या पोस्टाचा शिक्का आहे. जा आणि विचार."

"आणि थांबलं तर?"

"मग थांबेल," डॉक्टर म्हणाले. "पण असा घाबरून अर्धा झालायस ते तरी थांबेल."

शनिवारी सकाळी भिंगकाका पोस्टात गेले. तीन नंबरच्या खिडकीवर त्याच जुन्या बाई होत्या, केस आता पांढरे झालेले. काचेवर एक सूचना चिकटवली होती: महिनाअखेरीपासून ही खिडकी बंद, नवी तिकिटं फक्त मुख्य कचेरीत मिळतील. काकांनी पाकीट खिडकीच्या फटीतून आत सरकवलं.

बाईंनी पाकीट पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि त्या हसल्या. "आलात एकदाचे! मी आज-उद्या घरीच येणार होते काका." त्यांनी खालचा खण उघडला आणि रबर लावलेला एक गठ्ठा वर काढला. सगळी बंद पाकिटं, सगळ्यांवर तेच अक्षर. "खिडकी बंद होतेय, आता हे तुम्हीच सांभाळा. पंधरा उरलीत. काकूंनी वीस आणून दिली होती, नवं तिकीट निघालं की एकेक लावून टाकायला."

"कधी?"

"इस्पितळात जायच्या आदल्या आठवड्यात. तिथे बाकावर बसल्या होत्या, दम लागला होता त्यांना. मला विचारलं, वर्षाला नवी तिकिटं किती निघतात हल्ली? मी म्हटलं, पूर्वी चाळीस-चाळीस निघायची, आता जेमतेम चार. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. म्हणाल्या, चार म्हणजे पाच वर्षं. वीस पुरतील. त्याहून जास्त ते एकटे राहायचे नाहीत." बाई बोलता बोलता थांबल्या, आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, लेकीकडे जातील असं म्हणायचं असेल त्यांना."

भिंगकाकांनी मान हलवली. भूत नव्हतं तर. छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं, पण काही उतरलं नाही.

"मी त्यांना म्हटलंसुद्धा," बाई सांगू लागल्या, "रिकामी पाकिटं, तोंड चिकटवून कशाला आणलीत, मी चिकटवली असती. तर म्हणाल्या, रिकामी कुठे आहेत? पुठ्ठा आहे ना आत. पुठ्ठ्यावर चार शब्द आहेत. नेहमीच असतात."

"नेहमीच?"

"असं म्हणाल्या. तुम्ही वाचत नाही?"

"उघडलं की किंमत जाते," भिंगकाका म्हणाले. आपल्याच तोंडचे हे शब्द त्यांनी ऐकले, आणि बाईंच्या नजरेला नजर देणं त्यांना जमलं नाही.

घरी आले तेव्हा लेक आलेली होती. तिने स्वयंपाकघरातली अर्धी भांडी खोक्यांत भरली होती. काका थेट कपाटाशी गेले, सगळ्यात जुनी वही काढली आणि भाजी चिरायची सुरी घेऊन जमिनीवर बसले. तिने टाकलेलं पहिलं पाकीट त्यांनी कडेने कापलं.

"बाबा! काय करताय? फाडताय?"

आतून औषधाच्या खोक्याचा तुकडा निघाला. त्यावर शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: शिक्का नीट बसला का? कळवा.

दुसऱ्यात होतं: आज घरमालक फार बोलला. तुम्हाला सांगितलं नाही, तुमच्या हातात भिंग होतं.

दोन वर्षांनंतरच्या एकात होतं: लेक आज चार पावलं चालली. रात्री सांगणार होते. तुम्ही म्हणालात, थांब जरा, दाते मोजतोय.

त्याच्या पुढच्यात होतं: हे वाचलंत तर मला हाक मारा. मी आतच आहे.

भिंगकाकांनी ते चारदा वाचलं. त्यांनी तिला हाक कधी मारलीच नव्हती. चहा हवा असला की भिंगाच्या दांड्याने टेबलावर दोनदा वाजवायचे, ती यायची. आपण तिला काय म्हणून हाक मारत होतो हे ते आठवू लागले आणि त्यांना काहीच आठवेना. मुद्रितातली चूक दुरून दिसणारा माणूस, आणि घरात चौतीस वर्षं रचलेला मजकूर त्याने उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

लेक शेजारी येऊन बसली. दोघं पाकिटं कापत गेली, जमिनीवर पुठ्ठ्यांचा ढीग साचला. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा, वहीचं कव्हर, कॅलेंडरची पाठ. मधली कित्येक वर्षं तिने नवीन काही लिहिलंच नव्हतं. प्रत्येक तुकड्यावर तेवढंच: आतच आहे. आतच आहे. कधी पेन्सिलीने, कधी शाईने, एका वर्षी लेकीच्या रंगीत खडूने.

"आई म्हणायची," लेक रडत रडत म्हणाली, "तुझे बाबा एक दिवस हाक मारतील बघ. मला वाटायचं थट्टा करतेय."

मग बायको गेल्यानंतर आलेली ती पाच पाकिटं उरली; ती कशी आली ते काकांनी लेकीला थोडक्यात सांगितलं. काकांनी काल-परवाचं पाणपक्ष्याचं घेतलं. सुरी तिकिटातूनच गेली. शिक्का, पक्षी, सगळ्याचे दोन तुकडे झाले. त्यांचं तिकडे लक्षही गेलं नाही. आत एक पांढरा, स्वच्छ पुठ्ठा होता, आणि अक्षर थकलेल्या हाताचं.

आता हाक मारू नका, मला ऐकू यायची नाही. आता मी मारीन. ओ द्या.

उरलेल्या चारांतही तेच होतं. पोस्टातला पंधरांचा गठ्ठा मात्र त्यांनी लेकीला कापू दिला नाही. ती डोळे पुसून उठली. "इथे तुम्हाला ठेवायचंच नाही आता," ती म्हणाली. "आजच निघू या. संध्याकाळच्या आत." आणि उरलेली भांडी भरायला ती आत गेली. लेकीचं चुकत होतं असंही नाही.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, मग तो खडखडाट लांब गेला. आत ताटल्यांना कागद गुंडाळल्याचा आवाज येत होता, तोही जरा वेळाने थांबला. भिंगकाका पुठ्ठ्यांच्या ढिगाशी मान खाली घालून बसले होते. एकाएकी त्यांनी मान वर केली.

"ओ," ते म्हणाले. चांगलं मोठ्याने, स्पष्ट.

लेक हातातली ताटली घेऊन दारात आली. "काय झालं बाबा? मी कुठे हाक मारली?"

तिच्याकडे न बघता भिंगकाका गुडघ्यावर हात टेकून उठले, तिच्या बाजूने वाट काढत आत स्वयंपाकघरात गेले, आणि त्यांनी दार पूर्ण लावून घेतलं.