चालू नाही म्हणजे नाही

सिस्टरने विचारलं, "काका, कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"बीपीची एक," आमचे हे म्हणाले. "बाकी काही चालू नाही."

मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्याकडे असे डोळे वटारले की मी गप्प. शेजारी सून उभी होती ना! तिच्यासमोर लघवीच्या गोळीचं नाव निघालं तर यांचं नाक कापलं जाणार. तसं ते खोटंही बोलले नव्हते. प्रोस्टेटची गोळी दोन वर्षं घेतली आणि चक्कर येते म्हणून गेल्या महिन्यात आपल्याच मनाने सोडली. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या लेखी वस्तू एक तर चालू असते, नाहीतर बंद.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना आत नेलं. उजवा डोळा तरुणपणीच गेलाय, स्प्रिंग उडून. उरलाय तो हा एकच. तोही गेला तर हा माणूस घरात बसून आम्हाला आणि स्वतःला खाऊन टाकील.

मी बसले, उठले, पाणी प्यायले, परत उठले.

"आई, बसा ना जरा."

"तूच बस!" मी सुनेवर खेकसले. बिचारीचा काय दोष?

डोळा कुठे आणि लघवी कुठे, असं मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना. शेवटी लाज सोडून तिलाच विचारलं, "अगं, यांची एक गोळी होती..."

"प्रोस्टेटची? मीच तर आणून द्यायचे दुकानातून. सांगितली नाही त्यांनी?"

म्हणजे झाकली मूठ कधीच उघडी पडली होती! मी धावत जाऊन आतलं दार बडवलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ऑपरेशन अजून सुरू झालं नव्हतं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो. ऑपरेशन चालू असताना तो फडफडतो, बाहुली आक्रसते. आधी कळलं की आम्हाला तयारी ठेवता येते."

"पण त्यांनी ती बंद केलीय."

"बंद केली तरी परिणाम राहतो, आजी."

त्या आत गेल्या. अर्ध्या उघड्या दारातून यांचा आवाज आला, "चालू नाही म्हणून सांगितलं ना एकदा! बंद आहे ती!"

बाकावरची माणसं हसली. मला मात्र त्या अर्धवट बंद होणाऱ्या दाराचा राग आला, डॉक्टरणीचा आला, यांचा तर फारच आला. दार पुन्हा उघडेपर्यंत मी भिंतीला टेकून उभीच राहिले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. रागावलेच होते माझ्यावर, चव्हाट्यावर आणलं म्हणून. काही वेळ डोळा मिचकावत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, किती रडलीस? डोळे सुजलेत तुझे."