यंदा सौजन्य कुणाचंही नाही

मी माईक बोलतोय. आजवर माझ्यातून सगळे बोलले, स्वतःचं सांगायची ही पहिलीच वेळ. तीही नेमकी आत्ता, जेव्हा अर्ध्या तासात पडदा उघडणार आहे आणि माझ्या जिवाची नुसती उलघाल चाललीय.

लखनऊच्या आमच्या मराठी मंडळासाठी मला लीलावतीबाईंनी अमीनाबादच्या बाजारातून आणलं. तीन दिवसांचा कलामहोत्सव त्यांनीच सुरू केला. छावणीतले फौजी, महानगर कॉलनीतले बँकवाले, सगळ्यांनी गावं, नाचावं, नाटक करावं. नियम एकच, इथे काही विकायचं नाही आणि कुणाची जाहिरात करायची नाही. घोषणेत फक्त कलाकाराचं नाव आणि मूळ गाव. "नीलम, मूळ गाव मिरज" एवढं ऐकलं की मिरजेकडचं कुणीतरी खुर्चीत सावरून बसायचं. मला ते फार आवडायचं.

माणसांच्या सवयींबद्दल मात्र न बोललेलं बरं. येईल तो आधी माझ्या डोक्यावर टपली मारतो, मग फुंकर घालतो. "दोनच शब्द बोलतो" म्हणणारा पाव तास सोडत नाही.

घोषणा करतात आत्मारामकाका, निवृत्त सुभेदार. कागदावर असेल ते वाचायचं, काना-मात्राही इकडची तिकडे करायची नाही, ही त्यांची शिस्त.

गेल्या वर्षी सचिव प्रसादनं गोमती नगरच्या एका बिल्डरची मदत घेतली. प्रसाद वाईट नाही हो, हॉल, दिवे, साउंड यांच्यामागे एकटा धावून थकला होता. बिल्डरनं चकचकीत साउंड दिला. अट एवढीच की प्रत्येक घोषणेनंतर त्याच्या कंपनीचं नाव घ्यायचं. मी टेबलाखाली गेलो.

त्याच वर्षी उन्हाळ्यात लीलावतीबाई गेल्या होत्या. महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी सगळे उभे राहिले. काकांनी छापील कागद वाचला, "कै. लीलावतीबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली. सौजन्य..." आणि पुढे बिल्डरचं नाव, टू बीएचकेसकट. कागदावर प्रत्येक ओळीखाली ते छापलेलंच होतं. दोन पोरं हसली. काका ताठ उभे होते. मला डोळे असते तर मी रडलो असतो.

यंदा बिल्डरचा फोन पुन्हा आला. काका म्हणाले, "प्रसाद, जिनं हे उभं केलं, तिच्या नावावर मी फ्लॅट विकून आलो. पुन्हा नाही."

प्रसाद म्हणाला, "ठीक आहे काका, यंदा आपला जुना माईक. पण मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही, तर पुढच्या वर्षी मी त्यांना हाँ बोलणार."

काका कबूल झाले. मला कुणी विचारलंच नाही.

इथल्याच कपूरथला बाजारातल्या मेकॅनिकनं मला उघडून पाहिलं. "अंकल, चल तो जाएगा, पर आवाज़ बीच-बीच में फटेगी." तेव्हापासून मला चैन नाही. मघाशी नीलमची मुलगी रुचा आली. पहिलं गाणं तिचं. तिनं टपली मारली नाही, हळूच विचारलं, "ये बंद तो नहीं होगा ना?" काकांनी माझी वायर पुन्हा घट्ट केली.

पडद्यापलीकडे आता खुर्च्या सरकतायत. मी शिकस्त करीन, पण माझा गळा माझ्या ताब्यात नाही. म्हणून तुम्हालाच विनवतो. आवाज फाटला तर कपाळाला आठ्या घालू नका, उठून पुढे या. दोन खुर्च्यांत तिघं बसा, पोरांना मांडीवर घ्या. मागच्या रांगेत कुणी बसलंच नाही, तर त्या रांगेला ऐकू गेलं नाही असं प्रसाद म्हणेल कसा?